घोरपड आहे, मग कोआला का नाही?

मित्रांनो, मोठ्या माणसांना सगळं येतं असं तुम्हाला वाटतं का? वाटत असेल तर हा लेख जरूर वाचा. कारण अकरा वर्षांच्या एका मुलीनं मला भर रस्त्यात असा प्रश्न विचारला, की माझी बोलतीच बंद झाली. त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला चक्क तीन दिवस लागले.

त्याचं असं झालं. माझी बहीण ऑस्ट्रेलियात, ब्रिस्बेन शहरात राहते. तिकडं डिसेंबरात उन्हाळ्याची सुट्टी असते. हो, हो, आपण स्वेटर घालतो तेव्हा ते घामाघूम झालेले असतात! त्या सुट्टीत माझी भाची नांदेडला आली. तिचा जन्म तिकडचाच. मराठी छान बोलते, फक्त 'ळ' आला की अडखळते. तिला कंधारचा किल्ला आणि तिथून जवळच असलेलं आमचं गाव दाखवायचं ठरलं. सोबत होता माझा पुतण्या. सातवीत शिकतो, गावातच वाढलाय, आणि जगातलं सगळं आपल्याला ठाऊक आहे अशा थाटात बोलतो. तुमच्या वर्गातही असा एखादा असेलच की!

सकाळी नांदेड सोडलं. विष्णुपुरीला थांबून धरणामागं पसरलेलं गोदावरीचं पाणी पाहिलं. सोनखेड मागं पडलं. लोह्याच्या पुढं कंधारच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना हरभऱ्याची हिरवी शेतं, तुरीच्या पिवळट रांगा. तेवढ्यात भाची ओरडली, "मामा, थांबा! गम ट्री!"

गाडी थांबवली. शेताच्या कडेला सात-आठ उंच झाडं उभी होती. गुळगुळीत पांढुरकं खोड, लांब लोंबती पानं.

"अगं, ही नीलगिरी आहे," पुतण्या म्हणाला. "सर्दी झाली की हिचंच तेल हुंगतात."

भाचीनं खाली पडलेलं एक पान उचललं, चुरगळलं आणि नाकाला लावलं. "हाच वास! आमच्या घरामागं हीच झाडं आहेत." मग मान वर करून ती एकेक फांदी न्याहाळू लागली. बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "मामा, इथले कोआला कुठं बसतात?"

पुतण्या खो खो हसला. "इथं कोआला नसतात, वानरं असतात!"

"पण का नसतात? झाड तर तेच आहे ना?"

मी म्हणालो, "बाळ, कोआला तिकडचा प्राणी आहे."

"मामा, झाडपण तिकडचंच आहे ना? मग ते कसं आलं?"

घ्या! आता काय सांगणार? मी गाडी सुरू केली आणि 'किल्ला आला की बोलू' असं म्हणून वेळ मारून नेली.

तटावरची पाहुणी

कंधारचा किल्ला तुम्ही पाहिला नसेल तर एकदा जरूर पाहा. डोंगरावरचा नव्हे, सपाट जमिनीवरचा हा भुईकोट किल्ला राष्ट्रकूट राजांच्या काळापासूनचा मानतात. त्याच्या तटाभोवती पाण्याचा रुंद खंदक आहे. दहा-साडेदहाचं कोवळं ऊन तटावर पडलं होतं. आम्ही बुरुजाजवळ पोचलो, तर पुतण्यानं एकदम हात आडवा धरला. "काका, हलू नका. तिकडं बघा."

तटाच्या एका निखळलेल्या दगडावर एक घोरपड पसरली होती. चारही पाय सैल सोडलेले, मान उंच. धडापेक्षा शेपटीच लांब. रंग असा, की हलली नसती तर दगडच वाटली असती. मधूनच तिची लांब, टोकाशी दुभंगलेली जीभ बाहेर यायची आणि आत जायची.

"बघ, ही आमची घोरपड," पुतण्या हळूच पण ऐटीत म्हणाला. "ही तुमच्याकडं नसेल."

भाचीचे डोळे चमकले. "आहे की! आम्ही हिला गोआना म्हणतो. पिकनिकला गेलो की झाडावरून उतरते आणि आमच्या डब्यातलं पळवते!"

आता गप्प व्हायची पाळी पुतण्याची होती. आणि माझ्या डोक्यात कोडं आणखी घट्ट झालं. तिकडचं झाड इकडं आहे. इकडची घोरपड, निदान तिची चुलत बहीण, तिकडं आहे. मग कोआलाच तेवढा का नाही?

घोरपडीला आमची चाहूल लागली. सर्रकन ती दगडाच्या फटीत शिरली. पाहता पाहता नुसती शेपटी उरली आणि मग तीही गेली.

घोरपडीची ओळख

मित्रांनो, कोडं सोडवायचं तर आधी दोघांची नीट ओळख हवी. घोरपडीपासून सुरुवात करू.

घोरपड म्हणजे पाल आणि सरड्यांच्या गोतावळ्यातली थोरली. भारतात घोरपडीच्या चार जाती आहेत. आपल्या शेतशिवारात दिसते ती साधी घोरपड पावणेदोन मीटरपर्यंत लांब होऊ शकते, म्हणजे तुमच्या बाबांच्या उंचीएवढी! तिच्या कुळातली सगळ्यांत मोठी इंडोनेशियातली कोमोडो घोरपड. ती तर तीन मीटरपर्यंत वाढते.

घोरपडीचं रक्त आपल्यासारखं आपोआप ऊबदार राहत नाही. म्हणून सकाळी आधी ऊन खायचं, अंग तापलं की मगच कामाला लागायचं. तिची जीभ म्हणजे तिचं नाकच समजा. हवेतले वासाचे कण ती जिभेवर गोळा करते आणि तोंडातल्या टाळूशी असलेल्या खास अवयवाला देते. जीभ दुभंगलेली असल्यानं वास डावीकडून जास्त येतोय की उजवीकडून, हेही तिला कळतं.

आणि खाणं? त्याची यादी पुतण्यानं बोटांवर मोजली आणि बोटं संपली. भुंगेरे, नाकतोडे, विंचू, खेकडे, बेडूक, उंदीर, साप, पक्ष्यांची अंडी, मेलेलं जनावरसुद्धा! मिळेल ते आणि मिळेल तिथं. राहायला कपार चालते, वारूळ चालतं, झाडाची ढोली चालते. झाडावर ती सहज चढते आणि पाण्यात पोहतेसुद्धा.

पावसाळ्याच्या सुमाराला मादी जमिनीत किंवा वारुळात खड्डा करून वीसेक अंडी घालते, माती लोटते आणि निघून जाते. पिल्लं बाहेर यायला सहा ते आठ महिने लागतात. बाहेर आली की पहिल्या दिवसापासून ज्याचं त्यानं पाहायचं. ना आई, ना बाबा, ना शिकवणी!

कोआलाची ओळख

आता कोआला. चित्रात पाहून सगळे त्याला 'अस्वल' म्हणतात. पण तो अस्वल नव्हेच. तो कांगारूच्या नात्यातला, पोटाला पिशवी असणारा प्राणी. शास्त्रज्ञ अशा प्राण्यांना शिशुधान म्हणतात. वजन चार ते पंधरा किलो. झोप दिवसाला अठरा ते वीस तास! हे ऐकून पुतण्या म्हणाला, "पुढच्या जन्मी मी कोआलाच होणार."

पण थांबा. कोआला आळशी म्हणून झोपत नाही. तो झोपतो, कारण त्याचं जेवण फार अवघड आहे. तो जवळजवळ फक्त युकॅलिप्टसची, म्हणजे आपल्या नीलगिरीच्या कुळातली पानं खातो. या पानांत ताकद कमी, चोथा जास्त, आणि वर विष! तुम्ही-आम्ही ती खाल्ली तर दवाखानाच गाठावा लागेल. कोआलाच्या पोटात मात्र सुमारे दोन मीटर लांबीची एक पिशवीसारखी आतडी असते. तिच्यात सूक्ष्म जंतू राहतात. ते हा चोथा आंबवून पचवायला मदत करतात, आणि त्याचं यकृत विषाचा निकाल लावतं. या सगळ्या खटाटोपात मिळणारी ताकद थोडीच. म्हणून ती जपून वापरायची, झोप काढायची!

कोआलाचं पिल्लू जन्मतं तेव्हा केवढं असतं, सांगा पाहू? राजमाच्या दाण्याएवढं! लांबी दोन सेंटिमीटर, वजन एक ग्रॅमपेक्षाही कमी. डोळे उघडलेले नाहीत, अंगावर केस नाहीत. ते सरपटत आईच्या पिशवीत शिरतं आणि सुमारे सहा महिने आतच दूध पिऊन वाढतं. नंतर आई त्याला आपली एक मऊ, पातळ विष्ठा भरवते. नाक मुरडू नका हं! तिच्यातून पोटातले ते उपयोगी जंतू पिल्लाला मिळतात. नाहीतर त्याला पानं पचायचीच नाहीत. मग कितीतरी महिने ते आईच्या पाठीवर बसून फिरतं.

आता लावा जोडी

त्या रात्री आम्ही आखाड्यावर मुक्काम केला. शेकोटीभोवती दोघांचं भांडण सुरू झालं. कोण भारी, घोरपड की कोआला? मी पंच झालो.

पहिला मुद्दा, झाडावर चढणं. दोघांनाही अणकुचीदार नख्या. घोरपड नख्या रुतवून चढते. कोआलाच्या हाताला तर दोन-दोन अंगठे असतात, त्यामुळं फांदी घट्ट पकडता येते. त्याच्या बोटांवर आपल्यासारखे ठसेसुद्धा असतात! इथं कोआला जिंकला.

दुसरा मुद्दा, ऊन. घोरपड अंग तापवायला उन्हात दगडावर पसरते. कोआला उलट करतो. उकाडा वाढला की झाडाच्या गार खोडाला पोट टेकून मिठी मारतो. २०१४ साली शास्त्रज्ञांनी उष्णता टिपणारे कॅमेरे लावून दाखवून दिलं, की ती मिठी प्रेमाची नसून अंग गार करायची असते. इथं बरोबरी.

तिसरा मुद्दा, पाणी. कोआलाला बरंचसं पाणी पानांतूनच मिळतं. पाऊस आला की तो खोडावरून ओघळणारं पाणी चाटतो, हे २०२० साली नीट नोंदवलं गेलं. घोरपड मिळेल तिथं पाणी पिते. पुन्हा बरोबरी.

चौथा मुद्दा, लेकरं. घोरपडीची वीसेक, पण अनाथासारखी वाढणारी. कोआलाचं बहुतेक वेळा एकच, पण वर्षभर लाडात वाढलेलं. इथं आमच्या आईनं, म्हणजे दोघांच्या आजीनं निकाल दिला. "दोघीबी आयाच की रे. एकीनं जमिनीवर भरवसा ठेवला, दुसरीनं पोटावर."

पाचवा मुद्दा, जेवण. आणि इथंच मित्रांनो, आपलं कोडं सुटायला लागलं.

भाकरीचं जग

दुसऱ्या दिवशी मी प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एका मित्राला फोन लावला. तो म्हणाला, "अरे, आधी झाडाचं बघ, मग प्राण्यांचं." मग त्यानं जे सांगितलं ते मी मुलांना चुलीपाशी बसून समजावलं.

झाडाचं सोपं आहे. झाड स्वतः आलं नाही, माणसानं आणलं. १७९०च्या सुमाराला टिपू सुलताननं बंगळूरजवळच्या नंदी डोंगरावर युकॅलिप्टस लावल्याचं सांगतात. १८४३ साली इंग्रजांनी जळणासाठी ही झाडं दक्षिणेतल्या नीलगिरी पर्वतावर लावली. म्हणून आपल्याकडं झाडाचं नावच नीलगिरी पडलं! लवकर वाढणारं झाड म्हणून पुढं ते देशभर पोचलं. गंमत अशी, की युकॅलिप्टसच्या सातशेहून जास्त जाती आहेत आणि कोआला त्यांतल्या मोजक्याच आवडीनं खातो. त्या आवडत्यांपैकी एक आहे फॉरेस्ट रेड गम, आणि भारतात सगळ्यांत जास्त लावलेली नीलगिरी याच जातीची किंवा तिच्या संकरातली आहे. म्हणजे आपल्याकडं कोआलाचं ताट वाढून तयार आहे, फक्त पाहुणा नाही!

"मग पाहुणा का नाही?" दोघं एकदम म्हणाली.

मी टोपल्यातली एक मोठी ज्वारीची भाकरी घेतली. "समजा, कोट्यवधी वर्षांपूर्वी दक्षिणेकडचे सगळे खंड असे एकत्र होते. भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया. या भल्या मोठ्या खंडाला शास्त्रज्ञ गोंडवन म्हणतात. हे नाव कुठून आलं माहीत आहे? आपल्या किनवट-माहूरच्या डोंगरात गोंड लोक राहतात ना? मध्य भारतातल्या त्या गोंडांच्या प्रदेशावरून."

पुतण्याची कॉलर ताठ झाली.

मी भाकरीचा एक तुकडा मोडला. "हा भारत. सुमारे तेरा कोटी वर्षांपूर्वी तो ऑस्ट्रेलिया-अंटार्क्टिकापासून सुटला आणि एकटाच उत्तरेकडं निघाला. वाटेत, सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीच्या सुमाराला त्याच्यावर लाव्हा पसरला. आपल्या मराठवाड्यातला बहुतेक काळा दगड हा त्याच लाव्ह्याचा. इकडं दक्षिण अमेरिका, अंटार्क्टिका आणि ऑस्ट्रेलिया मात्र अजून चिकटलेले होते. पिशवीवाल्या प्राण्यांचे पूर्वज त्या वाटेनं दक्षिण अमेरिकेतून ऑस्ट्रेलियात पोचले. मग तेही तुकडे सुटले. ऑस्ट्रेलिया एकटा पडला, आणि तिथं कांगारू, कोआला असे प्राणी घडत गेले."

"म्हणजे कोआला तयार झाला तेव्हा आमचा तुकडा कधीच निघून गेला होता!" पुतण्या म्हणाला.

"शाब्बास! आणि मधे समुद्र."

"मग घोरपड समुद्रातून कशी गेली?" भाचीनं बरोबर पकडलं.

आमच्या तालुक्यातून मन्याड नदी वाहते. तिच्या पात्रात दगडांवरून उड्या मारत मुलं पलीकडं जातात, तसंच हे. अभ्यासकांचा अंदाज असा, की घोरपडीचे पूर्वज आशियातून निघाले आणि बेटाबेटांवरून पुढं सरकत ऑस्ट्रेलियात पोचले. पोहता येतं, खूप दिवस उपाशी राहता येतं, आणि ज्या बेटावर लागू तिथं किडे, खेकडे, अंडी काहीतरी मिळतंच! ऑस्ट्रेलियात तर आज घोरपडीच्या पंचवीसहून जास्त जाती आहेत. भाचीच्या घराजवळची डबे पळवणारी गोआना दोन मीटरपर्यंत वाढते आणि बहुतेक झाडांवरच फिरते. ती पक्ष्यांची अंडी, पोसम आणि कधी कधी कोआलाचं पिल्लूसुद्धा खाते.

अल्फ्रेड वॉलेस नावाचा इंग्रज निसर्गअभ्यासक १८५०च्या दशकात इंडोनेशियाच्या बेटांवर फिरत होता. बाली आणि लोंबोक या दोन बेटांमधलं अंतर जेमतेम पस्तीस किलोमीटर. म्हणजे नांदेडहून लोह्याला जाण्याइतकंच! पण अलीकडचे आणि पलीकडचे प्राणी-पक्षी वेगळेच. अलीकडं आशियाचे, पलीकडं ऑस्ट्रेलियाच्या वळणाचे. त्या समुद्रातल्या न दिसणाऱ्या सीमेला आज वॉलेस रेषा म्हणतात. पिशवीवाले प्राणी रेषेच्या पूर्वेलाच राहिले. घोरपडी मात्र दोन्हीकडं आहेत.

कोडं सुटलं! घोरपड सगळं खाते, म्हणून ती सगळीकडं पोचली. कोआला एकाच कुळातल्या झाडांवर जगतो, आणि ती झाडं मुख्यतः त्याच्या बेटासारख्या खंडावरच होती. तो जाणार तरी कुठं?

"म्हणजे घोरपडच भारी," पुतण्यानं निकाल दिला.

भाची हिरमुसली. मी म्हणालो, "असं कसं? जे पान दुसऱ्या कुणाला सहसा पचत नाही, ते पचवून तो जगतो. ही काय साधी हुशारी आहे? घोरपडीनं दहा दरवाजे उघडे ठेवले. कोआलानं एकच उघडला, पण त्या दरवाजात गर्दी नव्हती."

आणि मनात आलं, तो एकच दरवाजा कुणी बंद केला तर?

आखाड्यावरचा गोंधळ

तिसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या आखाड्यावर आरडाओरडा ऐकू आला. पळत गेलो. कोंबड्यांच्या खुराड्यामागं तुराट्यांचा ढीग होता. त्याच्याभोवती सात-आठ जण काठ्या घेऊन उभे. कुत्रं भुंकत होतं. ढिगाखालून फुत्कार ऐकू येत होते.

"घोरपड हाय! नऊ अंडी खाल्ली हिनं," शेजारचे काका संतापून म्हणाले. एक पोरगा ओरडला, "चावली तर माणूस मरतंय!" दुसरा म्हणाला, "तेल काढू, गुडघ्याला लई भारी असतंय."

मित्रांनो, यातलं काय खरं आणि काय खोटं? अंडी खाल्ली असतील, हे खरं. पण घोरपडीच्या चाव्यानं माणूस मरतो ही समजूत खरी नाही. तिचे दात धारदार असतात, पकड घट्ट असते, जखम होते आणि दवाखान्यात जावंच लागतं. म्हणून तिला हात लावायचा नाही, बस्स! आणि तिच्या तेलानं गुडघे बरे होत नाहीत.

ही एवढी बलवान जात माणसापुढं मात्र हरत आलीय. कातड्यासाठी ती मारली गेली. खंजिरीवर पूर्वी तिचंच कातडं मढवत. 'हाताजोडी' नावाची भाग्यवान मुळी म्हणून बाजारात काहीतरी विकतात ना? २०१७ साली उघड झालं, की ती मुळीबिळी काही नसून घोरपडीच्या नराच्या शरीराचा वाळवलेला भाग असतो. आपल्याकडं तर हिच्या शौर्याच्या कथा सांगतात! तानाजी मालुसऱ्यांची यशवंती घोरपड तुम्हाला ठाऊकच आहे. ती गोष्ट शाहिरांनी रंगवलेली आहे, तिला इतिहासाचा पक्का पुरावा नाही. पण फटीत शिरून, अंग फुगवून घोरपड अशी अडकते की ओढून निघत नाही, हे खरं आहे. त्यावरूनच ती कथा सुचली असावी.

आणि कोआला? त्याच्या मऊ कातड्यासाठी १९२७ साली एकट्या क्वीन्सलँड प्रांतात पाच लाखांहून जास्त कोआला मारले गेले. त्याच वर्षी ब्रिस्बेनजवळ लोन पाईन नावाचं कोआलांचं आश्रयस्थान सुरू झालं. आज शिकार बंद आहे, पण झाडं तुटतात, वस्त्या आणि रस्ते वाढतात, रोग पसरतो. २०१९-२० च्या वणव्यांत कितीतरी कोआला होरपळले. २०२२ साली ऑस्ट्रेलिया सरकारनं क्वीन्सलँड, न्यू साउथ वेल्स आणि राजधानीच्या प्रदेशातल्या कोआलांना 'संकटग्रस्त' ठरवलं.

पण आखाड्यावर हे सगळं सांगायला वेळ कुठं होता? काठ्या उगारलेल्या होत्या. मी पुढं होणार, तोच भाची पुढं झाली. तिचा आवाज थरथरत होता. "काका, मारू नका ना. आमच्याकडं गोआना आली की सगळे मागं सरकतात. वाट दिली की ती आपली आपण जाते."

काका म्हणाले, "पोरी, तुमच्याकडं ठीक हाय. हितं माझी अंडी गेली त्याचं काय?"

खरं सांगतो, या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. गरिबाघरी नऊ अंडी म्हणजे काही थोडी नव्हेत. उत्तर आजीनं दिलं. काठी टेकत ती तिथवर आली होती. "नऊ अंडी मी देते. पर मला सांगा, तुमच्या कणगीतली उंदरं कोण खाऊलालंय? काठ्या खाली टाका बरं."

मग मी सांगितलं, की वन्यजीव संरक्षण कायद्यात घोरपडीला वाघाइतकंच वरचं संरक्षण आहे, आणि तिला मारलं तर तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. पुतण्यानं कुत्रं बांधलं. सगळे वीस-पंचवीस पावलं मागं सरकले आणि बांधाकडची बाजू मोकळी सोडली. घोरपड गेली नसती तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन लावायचा, असं ठरलं.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. कुणी बोलेना. मग तुराट्यांतून आधी जीभ आली, मग डोकं. तिनं डावी-उजवीकडं हवा चाखली आणि शेपटी घासत सरळ बांधाकडं निघाली. बांधावरच्या दगडांपाशी क्षणभर थांबली आणि दिसेनाशी झाली.

काका बराच वेळ तिकडंच बघत होते. मग म्हणाले, "खुराड्याचा खालचा पत्रा सडलाय. त्यातूनच शिरली असंल." संध्याकाळी पुतण्यानं आणि त्यांनी मिळून ते भोक दगड लावून बुजवलं.

परत निघताना भाचीनं त्याच नीलगिरीपाशी पुन्हा गाडी थांबवली. या वेळी तिनं वर नाही, खाली बुंध्याकडं पाहिलं. तिथं एक जुनं वारूळ होतं. "मामा, हिच्यात घोरपडीची अंडी असतील?" तिनं विचारलं. आता तरी मी सावध होतो. म्हणालो, "असतीलही. आपण उकरून बघायचं नाही."

तर मित्रांनो, तुमच्या गावात, शिवारात, किल्ल्याच्या तटावर घोरपड दिसली तर लांबूनच पाहा. कुठं दिसली, किती वाजता, ऊन खात होती की काही शोधत होती, हे वहीत लिहून ठेवा. वर्षभरात तुमची स्वतःची एक घोरपड-वही तयार होईल. आणि कुणी काठी उचललीच, तर आमच्या भाचीसारखं पुढं होऊन एवढंच म्हणा, "जरा मागं सरका. तिला वाट द्या." आवाज थरथरला तरी चालेल!